होत गेलं, होत आलं

संक्रांतीच्या आधीचा रविवार. मी तीळ भाजत होते आणि लेक इंग्रजीचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, इव्हॉल्व्हला समानार्थी चार शब्द हवेत. तीन झालेत."

तिचे तीन होते डेव्हलप, ग्रो आणि चेंज. 'चेंज'ला मी नाक मुरडलं. दिवाणखान्यातला बल्ब बदलला तरी तो चेंजच, पण बल्ब काही इव्हॉल्व्ह होत नाही. चौथा म्हणून मी 'प्रोग्रेस' सुचवला आणि तीळ खालून लागायच्या आत मागेही घेतला. प्रोग्रेस म्हटलं की काहीतरी सुधारलंच पाहिजे. अंधाऱ्या गुहांतल्या काही माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या अधू होत शेवटी गेलेच, तेही इव्हॉल्व्ह होणंच. त्याला प्रगती कोण म्हणेल?

"म्हणजे तीनच?" लेक.

धाकट्याला हा शब्द आमच्या सगळ्यांहून पक्का ठाऊक होता. "पिकाचूला थंडर स्टोन दिला की तो इव्हॉल्व्ह होऊन रायचू होतो." किती वेळात रे? "लगेच!" ज्या शब्दाचा सगळा जीव सावकाशीत आहे, तो पोकेमॉनवाल्यांनी पार चुटकीसरशी करून टाकला. आमच्या ऑफिसात त्याचं तिसरंच काही झालंय. 'प्लॅन इव्हॉल्व्ह होतोय' म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, उगाच विचारू नका.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुंडाळी उलगडणे. पूर्वी पोथ्या गुंडाळीच्या असत, त्या वाचायच्या तर उलगडाव्या लागत. हे वाचलं तेव्हा मला आईची येवल्याची पैठणी आठवली. वर्षातून एकदा घडी मोडायला बाहेर निघते. पदरावरचे मोर एकेक करून दिसू लागतात, पण ते त्या क्षणी काही जन्माला येत नाहीत. विणकराने ते कधीच विणून ठेवलेले असतात, आपण फक्त घडी उलगडतो. जुन्या काळच्या काही शास्त्रज्ञांना गर्भाबद्दल असंच वाटे. आत चिमुकला जीव आधीच तयार असतो आणि तो नुसता उलगडत जातो, असं. त्या उलगडण्याला ते इव्होल्यूशनच म्हणत. डार्विनचं म्हणणं वेगळं होतं. आत घडी करून ठेवलेलं काही नाही, जे झालं ते होत गेलं. त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द एकदाही येत नाही, आणि गंमत म्हणजे पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द मात्र 'इव्हॉल्व्ह्ड' आहे. 

आपण त्याला उत्क्रांती म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण त्याच्या पोटात क्रांती बसलीय. एकाच 'क्रम्' धातूची ही पोरं. पाऊल टाकणं हा त्याचा अर्थ. एक क्रांती, एक उत्क्रांती, आणि तिसरी आमच्या कढईत तडतडत होती ती संक्रांत. तरी 'उत्क्रांत झालं' असं बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. परीक्षेत लिहायचं आणि विसरायचं.

बोलण्यातली मराठी सगळ्यांना एका क्रियापदाला जुंपत नाही. लोणचं मुरतं, चिंच गाभुळते, आंब्याला पाड लागतो, नवी सून घरात रुळते. नाशकात गोदेला पूर आला की गाव नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं की छातीला, एवढं कळलं की पुरे, आकडे कोण विचारतो? मग पूर ओसरतो, आणि त्यानंतर चार दिवसांनी पाणी निवळतं. ओसरणं वेगळं, निवळणं वेगळं. काय बदलतंय ते क्रियापदातच सांगून होतं.

माझ्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झाली की घड निघतात, मणी फुगतात, पण बरेच दिवस हिरव्या गोटीसारखे टणक राहतात. मग एका आठवड्यात मणी मऊ पडतो, काचेसारखा होतो, उन्हात धरला तर आतल्या शिरा दिसतात. आंबटपणा उतरणीला लागतो, साखर भरू लागते. याला बागायतदार 'पाणी उतरणं' म्हणतात. दादाकडे साखर मोजायचं यंत्र आहे, तरी तो आधी मणी चिमटीत दाबून बघतो. यंत्र गिऱ्हाइकासाठी.

पण हे शब्द ज्याचे त्याला. दादाची सबंध शेती कशी बदलली हे सांगायला यातला एकही चालत नाही. पाटाचं पाणी जाऊन ठिबक आलं, जुना मांडव जाऊन इंग्रजी वायच्या आकाराचा आला, एकरकमी कुणी काही ठरवलं नव्हतं. तो स्वतः काय म्हणतो? "होत गेलं गं." मी गॅस बंद केला. आपला इव्हॉल्व्ह या 'जाणे'त आहे की! बदलत गेलं, सुटत गेलं, जमत गेलं. कुठलंही क्रियापद घ्या, मागे 'जाणे' लावा, सावकाशी आपोआप येते. आणि 'येणे' लावलं तर ते आपल्या दिशेने चालू लागतं. 'काम होत गेलं' म्हणणारा मागे वळून बघतोय, 'काम होत आलं' म्हणणाऱ्याच्या ते हाताशी आलंय. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाला हे पुढचं-मागचं कळत नाही. 

लेकीला हे सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि कागदावर चौथा शब्द लिहिला, 'प्रोग्रेस'. "आई, बाईंना हाच लागतो." दुसऱ्या दिवशी चारीवर बरोबरच्या खुणा आल्या, चेंजवरसुद्धा.

संध्याकाळी दादाला फोन केला. संक्रांतीला येतोय आम्ही, द्राक्षं खायला मिळतील का?

"खायला नाही, बघायला या," तो म्हणाला. "पाणी उतरत आलंय."