वेताळाची पट्ट्यापट्ट्याची चड्डी

रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर, देवळाजवळच्या कट्ट्यावर, साठी-सत्तरीतले चार पुरुष एकमेकांवर ओरडत असतील तर विषय बहुतेक ठरलेला असतो: टेकडी फोडून रस्ता न्यायचा की खालून बोगदा खणायचा. त्या दिवशी मात्र आमचा दादा हातातली काठी दगडावर आपटून सांगत होता, "वेताळ जांभळाच! निळा नव्हताच कधी."

धावत वर आलेल्या दोन मुली थबकल्या. त्यांनी आधी दादाकडे पाहिलं, मग देवळात. आत शेंदूर फासलेला वेताळबाबा नेहमीसारखा गप्प होता.

वाद त्याच्याबद्दल नव्हताच. तो होता इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाबद्दल, म्हणजे फँटम नावाच्या जंगलातल्या मुखवटेवाल्या नायकाबद्दल. पेटवला होता माझ्या भाच्याने, दादाच्याच मुलाने. निनाद बाणेरला एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत चित्रं काढतो. रात्री हौसेने त्याने वेताळ काढला आणि बापाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. चित्र झकास होतं. दंडाचे स्नायू, मागे कवटीच्या आकाराची गुहा, पावसाळी उजेड. फक्त अंगावरचा पोशाख करडा होता आणि चड्डीवरचे पट्टे गायब होते.

"सिमेंटच्या गोणीतून काढल्यासारखा दिसतोय," दादा म्हणाला आणि फोन कट्ट्यावर फिरवला. वाटलं होतं, सगळे मिळून पोराला झोडपतील. पण सुधाकर, दादाचा बालमित्र, म्हणाला, "करडा नकोच, पण तुझा जांभळाही खरा नाही. वेताळ निळा." झालं. करडा राहिला बाजूला आणि म्हाताऱ्यांत फूट पडली.

सुधाकर खोटं बोलत नव्हता. इंद्रजाल सुरू झालं मार्च १९६४ मध्ये, आणि सुरुवातीच्या अंकांत वेताळाला निळा रंग असे. जांभळा नंतर आला. सुधाकर दादापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याच्या मामाने पहिल्या अंकापासून आणून दिलेले. दादाच्या हाती पडला तोवर वेताळाने कपडे बदलले होते. आठव्या वर्षी जो हातात आला तो अस्सल, पुढचा-मागचा सगळा भेसळीचा, असा दोघांचाही खाक्या.

आणि गंमत बघा, बाकीचे बदल कोणाला खुपत नाहीत. मूळचा बंगाला देश इंद्रजालात डेंकाली झाला, कोणी हूं की चूं केलं नाही. फँटमचा वेताळ झाला तेव्हा तर आम्ही त्याला मांडीवरच घेतलं, आपल्यातलाच आहे म्हणून. नाव बदला, गाव बदला, चालतं. कपड्याला हात लावायचा नाही!

बापू तोवर बोलले नव्हते. त्यांचा नारायण पेठेत छापखाना होता. बोटांच्या पेरांतली शाई धंदा बंद झाल्यावर पाच वर्षांनी गेली म्हणतात. त्यांनी खिशातून भिंग काढलं (हो, टेकडीवर फिरायला येताना हा माणूस भिंग आणतो) आणि ते घडी घालत म्हणाले, "अरे, जांभळी शाई नसतेच मुळी. चार प्लेटा. पिवळी, लाल, निळी, काळी. आधी लाल, तिच्यावर निळे ठिपके बसले की तुमच्या डोळ्याला जांभळं दिसतं. मशीनवर लाल जरा कमी सुटली, की तोच माणूस निळा. जास्त सुटली, की वांगं. वर तो न्यूजप्रिंट, शाई पिणारा. तुम्ही भांडताय ते मशीनमनच्या हातावर." मला हे फार आवडलं. कागदावरचे ते ठिपके मला लहानपणापासून नीट आठवतात. वेताळाच्या गालावर गुलाबी गोवर उठल्यासारखे दिसायचे. कधी कधी रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, सरकायचं, मग त्याच्या खांद्याबाहेर एक लाल खांदा आणखी असायचा.

दादाला अर्थातच हे पटलं नाही. त्याचं कारण मला माहीत आहे, कारण मी तिथे होते.

दादा पाचवीत असताना शाळेत फॅन्सी ड्रेसची स्पर्धा होती. वाड्यातले निम्मे शिवाजी, उरलेले टिळक. दादाने जाहीर केलं, मी वेताळ. आईने रंगाची पुडी आणली, बंबातलं उकळतं पाणी बादलीत ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि बाबांचा जुना लेंगा नि लांब बाह्यांचा बनियन त्यात बुडवला. काठीने ढवळत होती, मी बाजूला उकिडवी बसून पाहत होते. पाण्यात तो रंग काय सुरेख दिसत होता! दोरीवर वाळला तेव्हा भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा झाला. दादाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. वेताळाच्या मुखवट्यात बुबुळं दिसत नाहीत, नुसते पांढरे डोळे. म्हणून त्याने काळ्या मखमलीच्या मुखवट्याला आतून बटर पेपर चिकटवला. राहिली चड्डी. लेंग्यावरून घालायला पट्ट्यांची चड्डी हवी, आणि ती आमच्या घरात एकच होती. बाबांची, नाडीची.

ती चड्डी आमच्या दोरीवर रोज वाळायची. अख्खा वाडा तिला ओळखत होता. दादा रंगमंचावर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि तिसऱ्या रांगेतून कोणाच्या तरी आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगंबाई, ही तर नानांची!" पुढचं कोणी ऐकलंच नाही. बटर पेपरमधून दादाला काही दिसत नव्हतं. तो ऐटीत वळला आणि सरळ पडद्यात गुंडाळला गेला.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. टिफिनचा डबा.

साहेबांच्या देशात ती चड्डी म्हणजे सर्कशीतल्या पैलवानाची असेल, नसेल. आम्हाला मात्र तो पोशाख परका कधी वाटलाच नाही. जंगलात दहशत बसवणारा, ठोसा मारला की गुंडाच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटवणारा माणूस आमच्या बाबांसारखीच चड्डी घालतो, आणि तीही वरून, सगळ्यांना दिसेल अशी, ही केवढी धीराची गोष्ट होती! १९९६ च्या इंग्रजी सिनेमात तिचे पट्टे काढून टाकले. दादा अर्ध्यातून उठून आला होता.

संध्याकाळी निनाद घरी आला तेव्हा दादाने त्याला समोर बसवलं. पोरगं शांत होतं. म्हणालं, "बाबा, सुपरमॅनची लाल चड्डी २०११ मध्ये काढली, लोकांनी आरडाओरडा केला, २०१८ मध्ये परत आणली. मला माहितीये तुम्हाला काय वाटतंय. पण करडा रंग माझा नाही. फँटमचे लेखक ली फॉक यांचा आहे." मग त्याने सांगितलं. फँटमची पट्टी वर्तमानपत्रात सुरू झाली १९३६ मध्ये, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी, आणि ती काळीपांढरी होती. लेखकाच्या डोक्यात करडा पोशाख होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली आणि छापखान्यात त्याचा जांभळा झाला. इतर देशांनी आपापले रंग भरले. इटलीत लाल, ब्राझीलमध्ये लाल, स्वीडनकडे निळा.

मी हे लगेच त्यांच्या ग्रुपवर टाकलं. सुधाकरने स्वीडनचा झेंडा पाठवला. बापूंनी लिहिलं, "म्हटलं नव्हतं? मशीनमन." त्यांच्यातले चौथे, वकील, जे सकाळभर दोन्ही बाजूंनी बोलत होते, त्यांचा निकाल रात्री आला: इटलीवाल्यांनाच वेताळ कळला, टेकडीवरचा बाबाही लालच आहे.

दादा मात्र घुम्म. "करडा म्हणे," एवढंच पुटपुटला. मग म्हणाला, "बरं, रंग राहू दे तुझा. पट्टे काढ. उभे, निळे-काळे."

"उभे?" निनाद म्हणाला. "तिरपे असतात."

"उभे असतात. मला सांगतोस?"

माळ्यावरून बाइंड केलेला इंद्रजालचा गठ्ठा काढला. वरचा पुठ्ठा कसरीने खाल्लेला, आत आमच्या जुन्या पत्त्याचा शिक्का. दादाने चष्मा पुसला, बोट ओलं करून पानं उलटली. पहिल्या पानावर वेताळ झाडावर चढत होता. दुसऱ्यावर घोड्यावर. तिसऱ्यावर नदीत उडी मारत होता. सगळीकडे पट्टे तिरपे.

दादाने आणखी दहा-बारा पानं पाहिली. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात विचारलं, "बाबांच्या चड्डीचे गं?"

"उभे," मी म्हटलं.