तीन गोळ्या आणि त्यांची माहितीपत्रके

रक्तदाबासाठी रामिप्रिल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि थायरॉइडच्या कमतरतेसाठी लिव्होथायरॉक्सिन अशी तीन औषधे डॉक्टरांनी लिहून दिली आणि ती दीर्घकाळ चालू राहणार हे स्पष्ट झाले, तेव्हा प्रत्येक गोळी कशासाठी आहे, ती काय करते आणि तिच्यासोबत काय चालत नाही, हे समजून घेण्याचे मी ठरवले.

सुरुवात खोक्यातल्या माहितीपत्रकापासून केली. त्यातली दुष्परिणामांची यादी वाचून औषध नकोच असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण मळमळीपासून यकृताच्या विकारापर्यंत सारे काही तिथे एका रांगेत मांडलेले असते. त्या रांगेला अर्थ येतो तो प्रमाणामुळे. पुष्कळ पत्रकांत 'अति सामान्य' म्हणजे १० पैकी एकापेक्षा जास्त, 'सामान्य' म्हणजे १०० पैकी १ ते १०, 'दुर्मिळ' म्हणजे १०,००० पैकी १ ते १० आणि 'अतिदुर्मिळ' म्हणजे त्याहूनही कमी रुग्णांत दिसणारा परिणाम, अशी वर्गवारी असते. पण मला प्रमाणापेक्षाही महत्त्वाचा वाटला तो दुसरा प्रश्न: असे झालेच, तर मी काय करायचे? म्हणून मी वहीत प्रत्येक औषधासाठी एक पान ठेवले आणि त्यावर काही दिवस सोसण्याजोगे, डॉक्टरांना फोन करून विचारण्याजोगे आणि तत्काळ रुग्णालय गाठण्याजोगे असे तीन रकाने आखले. कोणती ओळ कोणत्या रकान्यात जाते हे डॉक्टरांकडून तपासून घेतले.

मेटफॉर्मिनचे पान सोपे होते. सुरुवातीला पोट बिघडणे, मळमळणे, जुलाब होणे हे पहिल्या रकान्यात गेले; गोळी जेवणासोबत घेतली आणि मात्रा हळूहळू वाढवली की हा त्रास बहुधा कमी होतो, आणि माझाही झाला. पुढे डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी गोळी दिली. अशी गोळी चुरून किंवा चावून खायची नसते, कारण दिवसभरात हळूहळू सुटणारे औषध तसे केल्यास एकदम सुटते.

रामिप्रिलने मात्र बरेच शिकवले. गोळी सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर घशात सतत खवखव होऊ लागली आणि कोरडा खोकला सुरू झाला. ताप नाही, कफ नाही, सर्दी नाही, पण रात्री आडवे पडले की उबळ थांबत नसे. हा खोकला दुसऱ्या रकान्यात आधीच लिहिलेला होता, त्यामुळे खोकल्याच्या बाटलीकडे न वळता मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कारणही सांगितले. या गटातली औषधे जे विकर (एन्झाइम) अडवून रक्तदाब उतरवतात, तेच विकर शरीरातले ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य मोडण्याचेही काम करते. विकर अडल्यामुळे ब्रॅडिकायनिन साठत गेले की काहींना असा खोकला येतो, आणि तो औषध चालू असेपर्यंत सहसा जात नाही. त्यांनी रामिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन दिले आणि काही आठवड्यांत खोकला ओसरला. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजणे ही तिसऱ्या रकान्यातली ओळ मात्र नव्या पानावरही तशीच ठेवली, कारण टेल्मिसार्टनने ते क्वचितच होत असले तरी झाल्यास वाट पाहण्यासारखे नसते.

औषध बदलले तरी खबरदारीचा भाग जवळपास जसाच्या तसा राहिला, आणि माझ्या मते पत्रकातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवू शकतात आणि या गोळ्यांसोबत मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. कमी सोडियमच्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियम असते आणि ही औषधेही रक्तातले पोटॅशियम वाढवू शकतात, म्हणून आरोग्यदायी म्हणून मिळणारे ते मीठ माझ्यासाठी विचारल्याशिवाय वापरण्यासारखे नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाल्यास टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवावी लागू शकतात. ते कधी आणि किती काळ, हे मी बरा असतानाच विचारून लिहून ठेवले आहे. औषधविक्रेत्याकडून सर्दीची साधी गोळी घेतानाही मी चालू औषधांची नावे सांगतो, आणि तीही ब्रँडची नव्हे, तर मूळ घटकांची, कारण एकच घटक वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते.

लिव्होथायरॉक्सिनचे दुष्परिणाम मात्रा योग्य असेल तर फारसे जाणवत नाहीत. तिथे सारा खेळ वेळेचा आहे. सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, आणि चहा-कॉफी किंवा न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या औषधाचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात किमान ४ तासांचे अंतर ठेवायचे. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवू शकते, म्हणून ते घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी किमान २ दिवस थांबवावे लागते.

दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी होऊ शकते, हे पत्रकात वाचल्यावर मी डॉक्टरांना त्याबद्दल विचारले. आता मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनीन आणि पोटॅशियम यांच्यासोबत तीही तपासणी अधूनमधून केली जाते.