आमच्या स्टिकरचा सर्व्हर: इचलकरंजीतल्या एका नेटवर्किंग फर्मची वाटचाल

आमची फर्म २००४ साली इचलकरंजीत सुरू झाली. सर्व्हर बसवणं, नेटवर्किंग, वार्षिक देखभाल आणि सिक्युरिटी, एवढंच आमचं काम. टोनर भरून देत नाही, मोबाइल विकत नाही. २०१७ साली गावात आमच्याविषयी जे पसरलं ते अजून मधूनच कानावर येतं. नव्या ग्राहकाकडे कोटेशन द्यायला गेलो की कोणीतरी विचारतंच, "ते व्हायरसचं प्रकरण तुमचंच ना?" म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

सुरुवातीला शिकवणारं कोणी नव्हतं. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या, त्या जुन्या पेंटियमवर टाकून बघायच्या आणि अडलं की मॅन पेज, म्हणजे लिनक्सच्या आतलीच माहितीची पानं, वाचत बसायचं. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि आम्हाला पहिलं खरं काम मिळालं. एका कनेक्शनवर अख्खं ऑफिस चालवून पाहिजे होतं. एका पीसीत दोन नेटवर्क कार्डं, त्यावर लिनक्स, साइटवर जाण्यायेण्याची नोंद ठेवणारं स्क्विड आणि फायरवॉलचं आयपीटेबल्स. कोण कुठली साइट बघतो ते लॉगमध्ये, म्हणजे मशिनच्या नोंदवहीत, दिसायला लागलं तेव्हा मालक खूश झाले, आणि लॉग ही काय ताकदीची चीज आहे ते आम्हाला कळलं.

या गावात सर्व्हर सांभाळणं पुण्या-मुंबईसारखं नाही. यंत्रमाग चालू असला की हवेत कापूस उडत असतो, आणि शेडच्या शेजारच्या ऑफिसात ठेवलेल्या सर्व्हरच्या, प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीट सिंकवर चार-सहा महिन्यांत गोधडीसारखा थर बसतो. पंखा फिरतोय असं दिसतं, पण हवा आत जात नाही, आणि मशिन दुपारी तीनला आपोआप बंद पडतं. लोक विंडोज फॉरमॅट करत बसतात. आम्ही आधी ब्लोअर काढतो. सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात तिथे, त्रास वेगळा. वाफ आणि खळीचा ओलावा यामुळे केबलच्या आरजे-४५ कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात आणि नेटवर्क आहे-नाही असं करत राहतं. शेडमधून जाणारी केबल थ्री-फेज लाइनला लागून समांतर टाकायची नाही, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडायची. शंभर मीटरच्या पुढे तांब्याचा हट्ट धरायचा नाही, फायबर टाकायची. आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये मल्टीमीटरने दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर नवीन सर्व्हरचा खोका उघडायचाच नाही, आधी वायरमनला बोलवायचं. लोडशेडिंगच्या वर्षांत आमच्या गिऱ्हाइकांचे जेवढे सर्व्हर वाचले ते याच एका सवयीने वाचले.

माझं पहिलं क्रिम्पिंग टूल, केबलला कनेक्टर बसवायचा चिमटा, अजून दुकानात आहे. त्याचा दात बसला की एक ठराविक टक आवाज येतो, तो आला नाही तर कनेक्टर कापून फेकायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांचा हा क्रम पोरांना झोपेत विचारला तरी आला पाहिजे. टेस्टरचे आठही दिवे लागले म्हणजे केबल चांगली, असं धरणारे खूप आहेत. पिळाच्या जोडीतल्या तारा चुकून वेगवेगळ्या जोड्यांत बसलेल्या केबलवरही आठ दिवे लागतात, फक्त डेटा नीट जात नाही.

आता २०१७.

गावातला एक मोठा सूत व्यापारी आमचा जुना ग्राहक. त्याचा सर्व्हर आम्हीच बसवलेला: विंडोज सर्व्हर २००८ आर-टू, त्यावर टॅली, समोर फर्मचं नाव आणि फोन नंबर असलेलं आमचं स्टिकर. त्या वर्षी जानेवारीत दुसऱ्या एका फर्मने आमच्या निम्म्या दरात एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, देऊ केली आणि शेठनी ती घेतली. व्यवहार आहे, तक्रार नाही. आम्ही रीतसर हस्तांतरण केलं. यूजर किती, पासवर्ड बदलून घेतले, राउटरवर कुठलंही पोर्ट (नेटवर्कचं दार) बाहेरून उघडं नाही, बॅकअप कुठे जातो, हे सगळं छापून त्यावर शेठच्या मुनीमजींची सही घेतली.

मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला. १२ तारीख, शुक्रवार. ज्या खिंडारातून तो शिरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता, एमएस-१७-०१०. आमच्या देखभालीखालच्या सर्व्हरवर तो एप्रिलच्या आत बसला होता आणि जिथे जमलं तिथे फाइल शेअरिंगच्या एसएमबीचं पहिलं व्हर्जन बंद केलं होतं. मागावरच्या जुन्या विंडोज एक्सपी मशिनना पॅच १३ मेपर्यंत नव्हताच, म्हणून त्या वेगळ्या स्विचवर काढून ठेवल्या होत्या. आमच्या एकाही ग्राहकाला वॉनाक्रायने हात लावला नाही.

जूनमध्ये त्या सूत व्यापाऱ्याचा सर्व्हर लॉक झाला. टॅलीच्या सगळ्या डेटा फाइली एनक्रिप्ट, स्क्रीनवर बिटकॉइनची मागणी. बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरला कायमची जोडलेली, त्यामुळे तीही गेली. कोणीतरी सर्व्हरचा फोटो काढला आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. फोटोत स्क्रीनपेक्षा आमचं स्टिकर ठळक. नव्या फर्मने सांगितलं, व्हायरस आधीच्यांच्या वेळचाच आत बसलेला होता.

संध्याकाळपर्यंत आमचे फोन सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन यायचे बंद झाले. हे जास्त वाईट. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. कापडाचे व्यापारीही कराच्या जाळ्यात येत होते, गावातल्या प्रत्येक पेढीला टॅलीचं अपडेट, नवीन मशिन, नेट पाहिजे होतं. आमच्या धंद्यात असा हंगाम पुन्हा आला नाही. त्या हंगामात आम्ही रिकामे बसून होतो आणि ती फर्म आमच्याच ग्राहकांकडे फिरत होती. एएमसीचे चेक थांबले. बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा गाठली. आमच्याकडे क्रिम्पिंगपासून शिकलेली दोन पोरं तिकडे गेली. दुकान बंद करून नोकरी धरावी, असं घरात बोलणं झालं होतं.

मुनीमजींचा फोन आला तो रात्री. "साहेब, शेठना सांगितलेलं नाही, पण तुम्ही एकदा येऊन बघा." नेटवर्कची केबल काढून ठेवली आणि विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला.

इथे एक गोष्ट आमच्या कामी आली. सर्व्हर बसवतानाच सिक्युरिटी लॉगला आम्ही एक सेटिंग करतो: भरला की जुनं पुसायचं नाही, आर्काइव्ह करायचं. मूळ सेटिंग ठेवलं की बाहेरून पासवर्ड मारणाऱ्यांच्या गर्दीत थोड्याच दिवसांत सगळा मागमूस पुसला जातो. इथे जुन्या फाइली एकाखाली एक तशाच पडल्या होत्या. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या हस्तांतरणानंतर, इव्हेंट ४७२०: नवीन यूजर तयार केला, नाव टॅली. त्याच सुमारापासून ४६२५, अयशस्वी लॉगिन, पानंच्या पानं. अॅडमिनिस्ट्रेटर, अॅडमिन, यूजर, अकाउंट्स, टॅली, एकेक नाव घेऊन कोणीतरी रात्रंदिवस दार ठोठावत होतं. आणि जूनमधल्या एका पहाटे ४६२४, लॉगिन यशस्वी, टाइप १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, परदेशातला, यूजर टॅली. मग राउटर उघडला. ३३८९ पोर्ट इंटरनेटवरून थेट सर्व्हरकडे फॉरवर्ड केलेलं. शेठना घरून टॅली बघता यावं म्हणून ते उघडलं होतं.

वॉनाक्रायशी याचा काही संबंध नव्हता. तो ४४५ पोर्टवरून, कोणाचाही पासवर्ड न विचारता शिरतो. हा माणूस पासवर्ड ओळखून पुढच्या दाराने आला होता. प्रत्येक पानाचा प्रिंट काढला, हस्तांतरणाचा कागद वर लावला आणि सकाळी शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी सगळं वाचलं, चहा पाजला आणि म्हणाले, "झालं ते झालं, आता वाढवू नका." ग्रुपवर त्यांनी एक ओळ टाकली नाही. त्या एका ओळीची वाट मी पुढे कितीतरी दिवस बघितली.

आम्हाला उभं केलं ते सायझिंगवाल्या अण्णांनी. स्क्विडचं पहिलं काम त्यांचंच. त्यांना लॉग, पोर्ट यातलं काही कळत नाही, आणि त्यांनी समजावून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. मी प्रिंट घेऊन गेलो तर म्हणाले, "कागद राहू दे तुझा. माझं कालचं टॅली आत्ता दुसऱ्या मशिनवर चालू करून दाखव." त्या वेळी त्यांच्या ऑफिसात सुताचे तीन-चार व्यापारी बसलेले.

अण्णांचा बॅकअप आम्ही असा ठेवला होता: कोपऱ्यात एक जुना लिनक्सचा पीसी, तो रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व्हरवरून डेटा स्वतः ओढून घेतो. सर्व्हरला त्या पीसीचा पासवर्ड माहीत नाही, शेअर जोडलेला नाही, त्यामुळे सर्व्हर लॉक झाला तरी तिथपर्यंत कोणी पोचत नाही. दुसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर, ती शनिवारी दिवाणजी घरी नेतात. मी एक रिकामा डेस्कटॉप मागवला, टॅली टाकलं, डेटा फोल्डर उतरवलं. चहा संपायच्या आत कालचं शेवटचं व्हाउचर स्क्रीनवर होतं. अण्णा त्या व्यापाऱ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंसा नव्हं? आता ज्येनं त्येनं आपापल्या माणसाला असंच करून दाखवायला सांगा." आणि वर्षाची एएमसी आगाऊ लिहून दिली.

त्यांतल्या दोघांनी खरंच आपापल्या माणसांना सांगितलं, आणि दोघेही आमच्याकडे आले. दिवाळीपर्यंत कॅश क्रेडिट खाली आलं. पुढची वर्षं कामात गेली, त्यांत सांगण्यासारखं फारसं नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये आम्ही वापरत होतो त्या सेंटओएस ८ या लिनक्सची मुदत अलीकडे ओढल्याचं जाहीर झालं तेव्हा सगळे लिनक्स सर्व्हर हलवावे लागले. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, सर्ट-इनने, १८० दिवसांचे लॉग ठेवा, घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेऊन) जुळवा, घटना सहा तासांत कळवा असे निर्देश काढले. त्यांतले लॉग आणि घड्याळं हे दोन्ही आमच्याकडे आधीपासून होतं. राउटर आणि सर्व्हरची घड्याळं जुळत नसतील तर लॉगचा पुरावा म्हणून काडीचा उपयोग होत नाही, हे आम्हाला कोणी परिपत्रकाने सांगावं लागलं नाही.

आता पोरं विचारायला येतात, सर्व्हर आणि सिक्युरिटी शिकायचंय, कुठला कोर्स करू? मी सांगतो, आधी दोन जुने पीसी आणि एक सेकंडहँड मॅनेज्ड स्विच घे. एकावर डेबियन लिनक्स टाक, डेस्कटॉपशिवाय. त्यावर डीएचसीपी (मशिनना आयपी वाटणारं), डीएनएस (नावावरून आयपी शोधणारं), एसएसएच की (दुरून लॉगिनसाठी पासवर्डऐवजी चावी) लावून चालव. बंद पडेल, तेव्हा गूगल करण्याआधी लॉग वाच. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडणं, कागदावर कर. १९२.१६८.१.० चे चार तुकडे केले तर प्रत्येकात ६२ मशिन का बसतात, हे बोटावर सांगता आलं पाहिजे. नेट चालत नसेल तर आधी गेटवेला पिंग, मग बाहेरच्या आयपीला, मग नावाने. हा क्रम सोडून राउटर रीसेट करणारा माणूस मी ठेवत नाही. हॅकिंगचे व्हिडिओ नंतर बघ. दार कसं बसवतात ते माहीत नसलेल्याला ते कसं फोडलं हे कळणार नाही.

नवीन पोराला आमच्याकडे पहिले सहा महिने केबल, अर्थिंग आणि साफसफाई. त्यानंतर रोज सकाळी एक तास फक्त लॉग वाचायचे, कुठे काही बिघडलेलं नसलं तरी. रोजचं साधं काय दिसतं ते डोळ्यात बसलं की वेगळं आपोआप दिसतं. काही पोरं कंटाळून जातात. राहिली आहेत त्यांच्या हाती मी डोळे झाकून सर्व्हर देतो.

गेल्या वर्षी त्या सूत व्यापाऱ्याच्या मुलाने कोटेशन मागितलं. सगळ्यांना देतो तेच दिलं: रिमोट काम हवं असेल तर व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेनेच, बॅकअप ओढून घेणारा, आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्यासमोर रिकाम्या मशिनवर रीस्टोअर करून दाखवायचं. तो म्हणाला, रीस्टोअरचं काढून टाका आणि दर कमी करा. ते काढून आम्ही काम घेत नाही, असं त्याला कळवलं. कोटेशन अजून त्याच्याकडे आहे.