बोका शू करायला बसतोय आणि येत नाहीये? सकाळची वाट बघू नका

आमच्या मांजरवाल्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं, "बोका सारखा लिटरमध्ये (शू-शीच्या वाळूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतोय, कुंथतोय, बहुतेक पोट साफ होत नाहीये, एरंडेल देऊ का?" आणि हे वाचलं की माझ्या पोटात गोळाच येतो. कारण बऱ्याचदा ते पोटाचं नसतंच, शू अडकलेली असते. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते, त्यात बारीक खडे, क्रिस्टल्स किंवा चिकट द्रवाची गुठळी अडकली की रस्ता बंद. मग मूत्राशय तट्ट फुगतं, किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने थेट हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण ब्लॉक झाला असेल तर २४ ते ४८ तासांत जीवावर बेतू शकतं. म्हणून रात्रीचे अकरा वाजले असले तरी निघायचं. मुंबईकरांना परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल तरी माहीत असतं, बाकीच्यांनी आपल्या गावात रात्री कोण व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) फोन उचलतो हे आजच विचारून ठेवा, प्लीज.

ओळखायचं कसं, तर पुन्हापुन्हा लिटर बॉक्समध्ये जाणं, बसून राहणं पण थेंब-दोन थेंबच येणं, ओरडणं, खालची जागा सतत चाटणं, शूमध्ये रक्त, कधी बाथरूमच्या फरशीवर नाहीतर बेसिनमध्ये शू करणं. त्यात उलटी सुरू झाली किंवा तो कोपऱ्यात गप्प पडून राहायला लागला तर आधीच उशीर झालाय असं समजा. पोट दाबून बघू नका. आणि आपली पॅरासिटामॉलची गोळी तर अजिबात नाही, मांजरासाठी ती विष आहे.

आता गंमत अशी की मांजरांचा हा त्रास बऱ्याच वेळा इन्फेक्शनने होतच नाही, निदान तरुण मांजरांमध्ये तरी. मूत्राशयाला सूज येते आणि त्यामागे मोठं कारण असतं टेन्शन. घरात रंगकाम, गणपतीला आलेले पाहुणे, दिवाळीचे फटाके, नवीन आणलेलं दुसरं मांजर, सगळं त्यांना लागतं. त्यामुळे मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणून द्यायचं खूळ सोडा. लपायला जागा द्या, जेवणाच्या वेळा पाळा, लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा आणि रोज साफ करा. रोज साफ केलं की वाळूत शूचे गोळे किती आणि केवढे हेही आपोआप कळतं, माझ्या मते आजार लवकर पकडायचा याहून सोपा उपाय नाही.

दुसरं म्हणजे पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान त्यांना कमीच लागते, शिकारीतूनच पाणी मिळायचं. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात पाऊणभर. म्हणून नुसत्या किबलवर (ड्राय फूडच्या दाण्यांवर) ठेवू नका, ओलं खाणं द्या, चिकन उकडलेलं पाणी द्या (मीठ, कांदा, लसूण न घालता), पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. दूध म्हणजे पाणी नव्हे हे आजीलाही सांगा.

कुत्र्यांचं थोडं वेगळं. त्यांच्यात इन्फेक्शन खूप दिसतं, माद्यांमध्ये जास्त, आणि त्यातून खडेही होतात. फ्लॅटमध्ये दहा-बारा तास शू धरून ठेवायला लावू नका. शिकलेला कुत्रा अचानक घरात शू करायला लागला तर ओरडायच्या आधी तपासणी करा. म्हाताऱ्या, नसबंदी न झालेल्या नराला प्रोस्टेटचा त्रास असू शकतो, डाल्मेशियनला युरिक ॲसिडचे खडे होण्याची प्रवृत्ती जन्मतःच असते. आणि शू कोकमासारखी लाल किंवा कॉफीच्या रंगाची दिसली तर फक्त मूत्राशयाचा विचार करू नका, गोचीड ताप असू शकतो, आपल्याकडे तो भरपूर. पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस घेतली का तेही बघा, तो आजार शूमधून माणसांनाही होतो.

व्हेटकडे जाताना जमलं तर सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या डबीत धरून न्या, कुत्र्याच्या बाबतीत हे सहज जमतं, खाली उथळ वाटी सरकवायची. लगेच न्या, वेळ लिहून ठेवा. जास्त वेळ फ्रीजमध्ये राहिली तर डबीतच नवे क्रिस्टल्स तयार होतात आणि रिपोर्ट फसवा येतो.