उपेक्षेतून उठून आलेला भयपट

नाशिकला गंगापूर रोडवरच्या घरी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, हर्क हार्वे यांचा १९६२ सालचा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ मी परवा तिसऱ्यांदा पाहिला. शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करणाऱ्या या दिग्दर्शकाने सुमारे ३३ हजार डॉलरांत, अवघ्या तीन आठवड्यांत चित्रित केलेल्या या एकमेव कथापटाकडे तेव्हा फारसे कोणी फिरकले नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. मोटारीच्या काळोख्या काचेत नायिकेच्या प्रतिबिंबाच्या जागी एका पुरुषाचा पांढराफटक चेहरा उमटतो. रक्ताचा थेंबही न दाखवता हे दृश्य अंगावर काटा आणते. आणि तो घुमणारा ऑर्गन! पुढे दूरचित्रवाणीवरून या चित्रपटाला हळूहळू चाहते मिळाले, आणि १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा समीक्षकांनी त्याची गांभीर्याने दखल घेतली.