नव्या भागासाठी आधी जागा
आज आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यूपीआयने पैसे भरण्याची सोय जोडायची होती. रोख, कार्ड आणि चेक यांच्यासाठीच्या ‘इफ-एल्स’च्या (अमुक असेल तर हे, नाहीतर ते, अशा) अटी आधीच चार फाइलींत विखुरलेल्या होत्या, त्यांत आणखी एक डकवली असती, तर काम तासाभरात उरकले असते, पण पुढचा प्रत्येक बदल चारही ठिकाणी करावा लागला असता. म्हणून आधी एकच सामाईक इंटरफेस (पैसे भरण्याच्या प्रत्येक प्रकाराने पाळायचा ठरलेला साचा) काढला, जुने तिन्ही प्रकार त्यात बसवले आणि मगच यूपीआयचा क्लास (त्या प्रकाराचा कोड एकत्र ठेवणारा भाग) लिहिला. तो अवघ्या 40 ओळींत मावला. 1973 साली केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप (एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देण्याची सोय) आणला, तेव्हा त्याच्याशी जुळावे म्हणून जुन्या कमांडही बदलल्या गेल्या, हे मला फार मोलाचे वाटते. परताव्याचा हिशेब अजून जुन्याच फाइलीत आहे. तो उद्या हलवणार आहे.