महापालिकेच्या दवाखान्यात घेतलेले क्षयरोगाचे उपचार

पत्नीचा खोकला थांबेना आणि संध्याकाळचा ताप रोजचाच झाला, तेव्हा गोवंडीतील आमच्या खाजगी डॉक्टरांनीच महापालिकेच्या दवाखान्यात जाण्याचा सल्ला दिला. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो आणि शिधापत्रिका गावाकडची आहे, त्यामुळे पहिल्याच खिडकीवर अडवतील असे वाटले होते. प्रत्यक्षात तेथे पत्ता विचारला तो आरोग्य सेविकेला घर सापडावे एवढ्याचसाठी.

तपासणीसाठी सकाळी उठल्याबरोबरचा बेडका द्यायचा होता. नुसती थुंकी चालत नाही, छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो, हे सिस्टरनी मोकळ्या आवारात उभे राहून स्वतः खोकून दाखवले. बेडक्यातील क्षयाचे जंतू यंत्रावर शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीत क्षयरोगाचे निदान झाले. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात हेही त्याच चाचणीत कळल्यामुळे सहा महिन्यांचे नेहमीचे उपचार ठरले. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र असलेली गोळी आणि पुढचे चार महिने तीन औषधांची. रोज किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. पत्नीचे वजन ४६ किलो, म्हणून तीन. लघवी केशरी होईल हे आधीच सांगितलेले असल्याने ती घाबरली नाही, घाबरल्या त्या सासूबाई. एचआयव्ही आणि साखरेची तपासणीही विनामूल्य झाली.

खरे काम केले ते आरोग्य सेविका ताईंनी. शेजाऱ्यांसमोर आजाराचे नावही न काढता त्या घरी आल्या, आम्हा सर्वांची विचारपूस केली, माझा एक्स-रे काढायला लावला आणि तीन वर्षांच्या मुलाला तपासून घेऊन प्रतिबंधक औषध सुरू करून दिले. गोळ्यांमुळे मळमळू लागल्यावर पत्नी औषध सोडण्याच्या बेतात होती. तेव्हाही त्यांनीच तिला डॉक्टरांपुढे नेऊन बसवले.

औषधाला कागद लागला नाही, पैशाला मात्र लागला. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. परंतु पत्नीचे बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने आमची रक्कम अडकली आणि बँकेने दवाखान्याकडे व दवाखान्याने बँकेकडे बोट दाखवण्यात बराच काळ गेला. अंडी, शेंगदाणे, डाळी यांची सर्वाधिक गरज सुरुवातीच्या अशक्तपणात असते, नेमकी तेव्हाच ही मदत हाती नव्हती. ती जमा झाली तोवर शेवटचा बेडक्याचा अहवाल जंतुमुक्त आला होता, आणि त्या पैशांतून वाण्याची साचलेली उधारी फिटली.